हिशेब कोण तपासतो? सरकारी खर्चावरील स्वतंत्र देखरेख, द्वारका चौकातून समजून घेताना

नाशिकचा द्वारका चौक माहीत नाही असा नाशिककर नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात. डोक्यावर उड्डाणपूल, खाली रिक्षा, बस, ट्रक आणि त्यातून जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारी माणसे. याच चौकाच्या पोटात पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला आहे. महामार्गाच्या कामात तो झाला, त्यावर जनतेचा पैसा खर्च झाला. पण बांधून झाल्यावर बहुतेक काळ तो वापराविना, अनेकदा कुलूपबंद राहिला. लोक वरून, वाहनांच्या मधूनच चालत राहिले.

या भुयारी मार्गात कोणी पैसे खाल्ले असा आरोप आम्ही करत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. एक रुपयाचीही चोरी न होता जनतेचा पैसा वाया जाऊ शकतो. बिले बरोबर, सह्या बरोबर, निविदा नियमात, आणि तरी वस्तू कोणाच्या उपयोगाची नाही. अशा वेळी "हे का झाले?" हे विचारण्याचा अधिकार कोणाला आहे? विचारणारा खर्च करणाऱ्याच्या हाताखालचा असेल तर तो खरे बोलेल का? आणि त्याने खरे लिहिले तरी ते वाचतो कोण?

आपल्या चळवळीत निधीची मागणी जोरात होते. ती व्हायलाच हवी. पण मंजूर झालेला निधी कुठे गेला, हे तपासण्याची व्यवस्था कशी चालते याची माहिती कार्यकर्त्यांमध्ये कमी आहे. म्हणून हा लेख.

त्रिरश्मीवरचा हिशेब

द्वारकेवरून महामार्गाने मुंबईच्या दिशेला निघालो की शहर संपता संपता डावीकडे त्रिरश्मी लेणी दिसतात. बुद्धपौर्णिमेला, वर्षावासात आपण तिथे जातो. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेणीत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. आम्हाला तो केवळ दानलेख वाटत नाही. तो जाहीर हिशेब आहे.

उषवदाताने भिक्खू संघासाठी ३,००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,०००. पहिल्या रकमेवर महिना शेकडा एक, दुसरीवर महिना शेकडा पाऊण व्याज. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेणीत वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. दुसऱ्या ठेवीचे व्याज त्यांच्या इतर किरकोळ गरजांसाठी.

आता गणित करून पाहा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी १२, म्हणजे २४०. एक कार्षापणही इकडेतिकडे नाही. सुमारे १,९०० वर्षांनंतर लेणीच्या भिंतीसमोर उभे राहून कोणीही हा हिशेब तपासू शकतो.

लेखाच्या शेवटी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. हे सारे निगमसभेत ऐकवले गेले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले गेले. रक्कम किती, कोणाकडे, कोणत्या कारणासाठी, कोणाला मिळणार आणि नोंद कुठे आहे, या पाच गोष्टी ज्या खर्चाबद्दल लोकांना कळतात, तो खर्च लपवून वाया घालवणे अवघड जाते. आजच्या साऱ्या लेखापरीक्षणाचा गाभा हाच आहे.

विनयातही हेच सूत्र आहे. संघाची चीवरे स्वीकारणारा, वाटणारा, भांडार सांभाळणारा भिक्खू संघाने रीतसर संमतीने नेमायचा. तो छंद, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींपासून मुक्त असावा आणि काय मिळाले, काय वाटले हे त्याला माहीत असावे, अशी अट होती. आपल्या माणसाला झुकते माप नको, नावडत्यावर राग नको, अज्ञान नको आणि वरच्याची भीती नको. स्वतंत्र हिशेबतपासनिसाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला सापडलेली नाही.

बाबासाहेबांनी या पदाबद्दल काय सांगितले

बाबासाहेब मुळात सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा १९१५ च्या त्यांच्या एम.ए. प्रबंधाचा विषय. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकार पैसा कुठून आणते आणि कोणाच्या परवानगीने खर्च करते, हा प्रश्न त्यांनी संविधानाच्या कितीतरी आधी हाताळला होता.

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली. भारताच्या संविधानातील बहुधा हाच सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, अशा आशयाचे मत बाबासाहेबांनी मांडले. संसदेने मंजूर केले त्यापलीकडे आणि त्याव्यतिरिक्त खर्च होत नाही ना, हे पाहणारा माणूस हा. त्याचे काम त्यांना न्यायव्यवस्थेच्या कामाहूनही महत्त्वाचे वाटत होते. म्हणून त्याला निदान न्यायव्यवस्थेइतके स्वातंत्र्य हवे, आणि मसुद्यात तेवढे दिले गेलेले नाही, ही खंतही त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवली.

संविधानाचे अनुच्छेद १४८ ते १५१ या पदासाठी आहेत. त्यांतील स्वातंत्र्याच्या तरतुदी कार्यकर्त्यांना तोंडपाठ असाव्यात:

- भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे आपण ज्यांना कॅग म्हणतो, त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. त्यांना पदावरून काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच पद्धत वापरावी लागते.
- निवृत्तीनंतर त्यांना केंद्र किंवा राज्य सरकारचे कोणतेही पद घेता येत नाही. बक्षिसाची आशा दाखवून त्यांना वळवता येऊ नये म्हणून.
- त्यांच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च भारताच्या संचित निधीवर भारित असतो. त्यावर संसदेत मतदान होत नाही, त्यामुळे रागावून तो कापता येत नाही.
- राज्याच्या हिशेबांवरचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेवायला लावतात.

१९७१ च्या कायद्याने त्यांचे अधिकार आणि सेवाशर्ती ठरल्या. मुदत सहा वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, जे आधी होईल ते. कोणत्याही सरकारी कार्यालयाची दप्तरे मागवण्याचा आणि तपासण्याचा अधिकार त्यांना आहे.

त्रुटीही आहे. या पदावरची व्यक्ती निवडण्यासाठी विरोधी पक्षनेत्याचा सहभाग असलेली समिती नाही. निवड प्रत्यक्षात केंद्र सरकारच करते. ज्याचा हिशेब तपासायचा, तोच तपासनीस निवडतो. बाबासाहेबांची १९४९ ची खंत इथे अजून जिवंत आहे.

पदावरून काढण्याचे संरक्षण किती मोलाचे असते, हे अमेरिकेत नुकतेच दिसले. तिथे प्रत्येक मोठ्या खात्यात उधळपट्टी आणि गैरव्यवहार शोधायला १९७८ च्या कायद्याने महानिरीक्षक नेमलेले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी एका रात्रीत सुमारे १७ महानिरीक्षकांना घरी पाठवले. संसदेला आधी कळवण्याची कायद्यातील अटही पाळली नाही. उधळपट्टी थांबवण्याची भाषा करणाऱ्या सरकारनेच उधळपट्टी शोधणारी माणसे काढली. आपल्याकडे कॅगला असे एका रात्रीत काढता येत नाही.

चौकात उभे राहा आणि विचारा: हा पैसा कोणाचा?

देखरेखीची यंत्रणा एकच नसते. पैसा ज्याचा, त्याप्रमाणे तपासनीस बदलतो. द्वारकेवरूनच पाहू.

*महामार्ग, उड्डाणपूल, भुयारी मार्ग.* राष्ट्रीय महामार्गाचे काम केंद्राच्या अखत्यारीतले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे लेखापरीक्षण कॅग करतात. त्याबद्दलची माहिती केंद्राच्या माहिती अधिकाऱ्याकडे मागायची, महापालिकेकडे नाही. अनेकांचे अर्ज इथेच फिरत राहतात.

*गल्लीतला रस्ता, गटार, पथदिवे, समाजमंदिर.* हे नाशिक महानगरपालिकेचे. महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक असतो. कायद्याने तो आपला अहवाल आयुक्तांना नव्हे, तर स्थायी समितीला देतो. कारण खर्च आयुक्त करतात आणि त्यांच्यावर लक्ष लोकप्रतिनिधींनी ठेवायचे असते. याशिवाय बाहेरून तपासणी करते ती स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा. ती १९३० च्या कायद्याने चालते आणि राज्याच्या वित्त विभागाखाली येते. महापालिकेपासून ती स्वतंत्र आहे, राज्य सरकारपासून नाही, हा फरक लक्षात ठेवा.

*सिटीलिंक बस.* ही सेवा महापालिकेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीमार्फत जुलै २०२१ पासून चालते. कंपनीचे वार्षिक हिशेब कंपनी कायद्याप्रमाणे सनदी लेखापाल तपासतो. पालिकेची कामे कंपन्यांकडे जातात तेव्हा सभागृहातील चर्चा कमी होते आणि संचालक मंडळाच्या बैठकीचे दार आपल्याला उघडे नसते. तिथे माहितीचा अधिकारच कामाला येतो.

*शिष्यवृत्ती, वसतिगृह, रमाई आवास, वस्ती सुधारणा.* हा सामाजिक न्याय विभागाचा, म्हणजे राज्याचा पैसा. त्याचे लेखापरीक्षण कॅगच्या अखत्यारीतील महालेखापाल कार्यालये करतात. महाराष्ट्रात ती मुंबई आणि नागपूरला आहेत.

*जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत.* सिन्नर, निफाड, येवल्याच्या कार्यकर्त्यांसाठी हे महत्त्वाचे. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ही रक्कम खरोखर खर्च झाली का, हे स्थानिक निधी लेखापरीक्षेत तपासले जाते. ग्रामपंचायतीचा लेखापरीक्षण अहवाल ग्रामसभेत मागता येतो. तो मागणारे दोन तरुण गावात असले तरी वातावरण बदलते.

इथे नाशिकचा एक धडा नोंदवायला हवा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे दीर्घ काळ प्रशासकाने कारभार पाहिला. प्रशासकाकडे सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकारही जातात. म्हणजे खर्च करणारा आणि खर्चावरचे आक्षेप ऐकणारा एकच. कागदावर लेखापरीक्षण चालू होते, पण त्याचा पाया असलेले वेगळेपण उरले नव्हते. निवडणुका लांबतात तेव्हा नगरसेवकांबरोबर हिशेब ऐकणारे सभागृहही जाते.

लेखापरीक्षणाचे तीन प्रकार

वर्तमानपत्रात "कॅगचे ताशेरे" एवढेच छापून येते. त्यामागे तीन वेगळी कामे असतात.

पहिले वित्तीय लेखापरीक्षण. हिशेब जुळतात का, नोंदी खऱ्या आहेत का?

दुसरे अनुपालन लेखापरीक्षण. नियम पाळले का? निविदा रीतसर काढली का? प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता आधी घेतल्या का? निधी ज्या कारणासाठी दिला, त्याच कारणासाठी वापरला का?

तिसरे कामगिरीचे लेखापरीक्षण. पैसा खर्च झाला, त्यातून ठरवलेला उपयोग साधला का?

द्वारकेचा भुयारी मार्ग घ्या. पहिल्या कसोटीत तो पास होऊ शकतो. दुसऱ्याही होऊ शकतो. तिसरी कसोटी मात्र थेट विचारेल: इथून रोज किती माणसे चालली? उधळपट्टी बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रश्नातच सापडते, आणि नागरिकाला याच प्रश्नाचे उत्तर सर्वांत चांगले माहीत असते. त्यासाठी सनदी लेखापाल असावे लागत नाही, रोज त्या चौकातून जावे लागते.

आक्षेपाचा प्रवास, आणि तो कुठे अडतो

तपासणी पथक कार्यालयात येते, दप्तर मागते, शंका असेल तिथे अर्धसमास पत्र देते. समाधान झाले नाही तर तो मुद्दा निरीक्षण अहवालात येतो. त्यावर कार्यालयाने चार आठवड्यांत उत्तर देणे अपेक्षित असते. मुद्दा गंभीर असेल तर तो वर जातो, सचिवांचे म्हणणे मागवले जाते आणि शेवटी तो विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या अहवालातला परिच्छेद होतो. पुढे लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बोलावून साक्ष घेते. जिल्हा परिषदांसाठी पंचायत राज समिती आहे. अनुसूचित जातींच्या योजनांसाठी विधिमंडळाची अनुसूचित जाती कल्याण समिती आहे.

हा प्रवास तीन ठिकाणी अडतो. कार्यालय उत्तरच देत नाही आणि आक्षेप वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडला जातो आणि चर्चा होत नाही. आणि समितीने शिफारस केली तरी कारवाई शेवटी सरकारलाच करायची असते. कॅग गुन्हा दाखल करत नाहीत, कोणाला निलंबित करत नाहीत, वसुली करत नाहीत. त्यांचे काम खरे काय ते सांगणे. पुढचे काम विधिमंडळाचे आणि लोकांचे.

सिंचनाच्या प्रकरणात हे महाराष्ट्राने पाहिले, आणि त्याची एक कडी नाशिकमधली होती. राज्याच्या आर्थिक पाहणीतून दिसले की एकूण पिकाखालील क्षेत्रातील सिंचित क्षेत्राचे प्रमाण २००१-०२ मध्ये १७.८ टक्के होते, ते २००९-१० मध्ये १७.९ टक्के झाले. दरम्यान धरणे आणि कालव्यांवर हजारो कोटी खर्च झाले होते. त्या वेळी नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनीत मुख्य अभियंता असलेले विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये मुख्यमंत्री आणि राज्यपालांना पत्रे लिहून वाढवलेल्या अंदाजपत्रकांबद्दल आणि कामांच्या दर्जाबद्दल आक्षेप घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते पदावर परतले. सरकारने श्वेतपत्रिका काढली, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. २०१४ मध्ये कॅगचा सिंचन प्रकल्पांवरचा अहवालही विधिमंडळात आला. प्रकल्प कसे रखडले आणि किमती कशा फुगल्या, ते त्यात होते.

यातून आम्ही एवढेच घेतो: आतून बोलणारा एक अभियंता, सरकारचीच आकडेवारी वाचणारे पत्रकार, न्यायालयात जाणारे नागरिक आणि स्वतंत्र लेखापरीक्षण हे सगळे एकत्र आले तेव्हा सरकारला बोलावे लागले. एकट्या अहवालाने ते झाले नसते.

आपल्या हक्काच्या पैशाचे काय?

उधळपट्टीचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. शिष्यवृत्ती सहा महिने उशिरा आली तर सधन घरातल्या मुलाला ती गोष्ट कळतही नाही. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलीचे वर्ष त्यात जाते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर कॅगने महाराष्ट्रासह पाच राज्यांत तपासणी करून २०१८ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला. वाटपातला विलंब, पात्र विद्यार्थ्यांच्या माहितीसाठ्याचा अभाव, नियोजन नसणे हे सगळे त्यात नोंदले आहे. आपल्या किती विद्यार्थी संघटनांनी तो वाचला? मोर्चाच्या निवेदनात "शिष्यवृत्ती वेळेवर द्या" या ओळीखाली त्या अहवालातील परिच्छेद क्रमांक लिहिला असता तर अधिकाऱ्याला नुसते "पाहतो" म्हणता आले नसते.

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळ १९८५ मध्ये मातंग आणि तत्सम समाजघटकांच्या उन्नतीसाठी स्थापन झाले. २०१५ मध्ये तिथल्या कोट्यवधींच्या कथित अपहाराबद्दल गुन्हा नोंदला गेला आणि महामंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांना अटक झाली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण ज्यांना छोट्या धंद्यासाठी कर्ज मिळायचे होते, त्यांची वर्षे कोणी परत देणार नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो चोरीचा नाही, वळवण्याचा आहे. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वापरल्याची बातमी आली. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या योजनेच्या लाभार्थींत अनुसूचित जातींच्या महिलाही आहेत, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता. आमच्या मते प्रश्न महिलांना पैसे मिळावेत की नाही हा नाही. ते मिळावेत. प्रश्न असा, की अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा वस्ती, शिक्षण आणि उपजीविकेतली दरी भरून काढण्यासाठी आहे आणि सर्वसाधारण योजनेचा हप्ता हे त्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे, आणि त्या प्रमाणात निधी राखण्याचे धोरण आहे. पण तेलंगणा आणि कर्नाटकसारखा त्याचा कायदा महाराष्ट्रात नाही. जिथे कायदा नाही, तिथे लेखापरीक्षकाच्या हातातली मोजपट्टीही लवचीक होते. म्हणून उपयोजनेचा कायदा ही मागणी हिशेबाचीच मागणी आहे.

सिंहस्थ समोर आहे

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात हजारो कोटींची कामे आखली गेली आहेत. त्यासाठी राज्याने २०२५ मध्ये कायदा करून प्राधिकरण उभे केले. रस्ते, पूल, घाट, सांडपाणी, आणि द्वारकेसारख्या चौकांची कामेही या काळातली. कोणाच्या श्रद्धेवर आम्हाला बोलायचे नाही. पैसा सर्वांचा आहे, एवढेच.

घाईच्या कामात हिशेब सुटतात. प्रयागराजच्या २०१९ च्या कुंभावरचा कॅगचा अहवाल २०२१ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत आला. ट्रॅक्टर म्हणून दाखवलेल्या काही वाहनांचे नोंदणी क्रमांक मोपेड, मोटारसायकल आणि कारचे निघाले. पण हे उघड झाले मेळा संपून दोन वर्षांनी. नाशिकमध्ये काम चालू असतानाच त्रयस्थ तपासणी व्हावी आणि तिचे अहवाल दर महिन्याला जाहीर व्हावेत, ही मागणी आताच करायला हवी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. एक काम निवडा. संपूर्ण महापालिकेचा हिशेब घेऊन बसू नका. वस्तीतला एक रस्ता, एक समाजमंदिर, एक वसतिगृह.

२. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. मजकूर असा असू शकतो: "अमुक वस्तीतील अमुक कामाबाबत पुढील कागदांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, अदा केलेली देयके, त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल, पूर्णत्वाचा दाखला. तसेच मागील तीन वर्षांत या विभागावर घेतलेले लेखाआक्षेप व त्यांचे अनुपालन."

३. शेवटचे वाक्य विसरू नका. लेखाआक्षेप मागितले की तपासनिसाने आधीच केलेली मेहनत तुमच्या हाती येते.

४. ३० दिवसांत उत्तर नाही आले, तर ३० दिवसांत पहिले अपील, शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरे अपील.

५. कागद घेऊन जागेवर जा. मोजमाप पुस्तकात लिहिलेली लांबी टेपने मोजा. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्क याच कायद्यात आहे.

६. निष्कर्ष वस्तीत वाचून दाखवा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्यांत हेच केले. मजुरांच्या नावावरची हजेरीपुस्तके मजुरांसमोरच वाचली. त्या लढ्यातूनच देशात माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली आणि सामाजिक लेखापरीक्षण रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात आले.

७. योग्य दार ठोठवा. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, क्रमांक १०६४. गैरकारभाराची तक्रार लोकायुक्तांकडे. हिशेबातला गंभीर मुद्दा कागदांसह महालेखापाल कार्यालयाला कळवा.

८. एकट्याने लढू नका. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. अर्ज तीन-चार जणांनी मिळून वेगवेगळ्या नावांनी करा आणि मिळालेली माहिती लगेच सर्वांपर्यंत पोहोचवा. माहिती एकाच्या खिशात असते तोवर त्याला धोका असतो. आणि माहिती मिळवून ठेकेदाराशी "सेटिंग" करणारा आपला नाही, हे स्पष्ट सांगा. अशा एकामुळे शंभर प्रामाणिक अर्जदारांचे तोंड बंद होते.

आधी आपला फलक

ही शेवटची गोष्ट कडू लागेल, पण ती आम्ही स्वतःलाही सांगत आहोत. विहार समित्या, मंडळे, संस्था यांपैकी ज्या सार्वजनिक न्यास म्हणून नोंदल्या आहेत, त्यांना दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावे लागतात. किती समित्या ते वेळेवर करतात? १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब १५ मेपर्यंत किती मंडळे जाहीर करतात? डीजेवर किती गेले आणि अभ्यासिकेवर किती, हे वर्गणी देणाऱ्या माउलीला कळते का?

महापालिकेकडे मोजमाप पुस्तक मागणाऱ्याच्या हातात स्वतःच्या मंडळाची वही असावी. खजिनदाराने खर्च करावा आणि तपासणी दुसऱ्याने, शक्यतो मंडळाबाहेरच्या माणसाने करावी. जमा, खर्च, शिल्लक एका कागदावर लिहून विहाराच्या दारात लावावे. त्रिरश्मीच्या भिंतीवर उषवदाताने लावला तसा.

या वर्षीच्या जयंतीनंतर असे किती फलक लागतात, ते आम्ही पाहणार आहोत. आमचाही लागेल. जय भीम.